वाचकांचे प्रश्न : ‘नाही’ म्हणायची रीत

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच पेच आहे. मूल चारचौघांत नीट वागावं असंही वाटतं आणि ते कुणाच्या मागे मान डोलावत जाऊ नये असंही वाटतं. आमच्या मते या दोन्हींत भांडण नाही. भांडण आहे ते सभ्यपणा आणि आज्ञाधारकपणा यांची गल्लत करण्यात. निवडक पत्रं आणि उत्तरं खाली दिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. कुणी काही दिलं की मी ‘काय म्हणायचं?’ असं विचारल्याशिवाय त्याच्या तोंडून ‘थँक्यू’ निघत नाही. कधी कधी तर विचारल्यावर ओठ घट्ट मिटून माझ्यामागे लपतो. मला अगदी ओशाळल्यासारखं होतं. तक्ता करून रोज स्टिकर द्यावेत का?

स्टिकर नकोत. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हाताला न पोचणारी वस्तू मुलं आपण होऊन उचलून देत होती. काही मुलांना दर वेळी त्याबद्दल बक्षीस दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर बक्षीसवाल्या मुलांची मदत बाकीच्यांपेक्षा कमी झाली. जे आपसूक होत होतं त्याला मोबदला लागला, की मोबदला थांबल्यावर तेही थांबतं. स्टिकरच्या तक्त्याचं बहुतेक घरी हेच होतं : दोन आठवडे जोरात, मग ‘आज किती मिळणार?’

‘काय म्हणायचं?’ हा प्रश्न का फसतो ते पाहा. मुलासमोर त्या क्षणी अनोळखी माणूस असतो, हातात नवी वस्तू असते आणि त्यात तोंडी परीक्षा सुरू होते, तीही प्रेक्षकांसमोर. शिवाय ‘थँक्यू’ म्हणताना त्याचे डोळे कुठे असतात ते एकदा बघा. ते तुमच्या चेहऱ्याकडे असतात. म्हणजे आभार देणाऱ्याला पोचतच नाहीत, तुम्हाला पोचतात.

त्याऐवजी असं करून बघा. दाराची बेल वाजण्याआधी, अर्ध्या मिनिटात : ‘मावशी येणार आहे. तिनं काही दिलं तर बोलशील, की हात हलवशील?’ निवड त्याची. मग तो क्षण आला की मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. पाच सेकंद मोठ्यांना फार वाटतात, मुलाला तेवढे लागतातच. तरी तो बोलला नाही तर तुम्ही स्वतः पूर्ण वाक्यात आभार माना, ‘तुम्ही आठवणीनं आणलंत, त्याला हे हवंच होतं.’ मूल ऐकत असतं. पाहुण्यांसमोर ‘लाजाळू आहे हो’ अशी चिठ्ठी मात्र त्याच्यावर चिकटवू नका. तीच त्याला पुढच्या वेळी लपायला उपयोगी पडते.

सराव करायचा तो चूक झाल्याच्या क्षणी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं ‘बालकांचं घर’ सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत सौजन्याचे धडे वेगळे घेतात : दार हळू कसं लावायचं, बोलणाऱ्या दोघांना कसं अडवायचं, कुणाच्या समोरून कसं जायचं. प्रत्येक धडा एक-दोन मिनिटांचा, आणि कुणीही चुकलेलं नसताना. घरी हे नाटक म्हणून करता येतं. मूल पाहुणा, तुम्ही मूल. तुम्ही मुद्दाम वस्तू हिसकावून घ्या. तो खिदळत तुम्हाला दुरुस्त करील. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज केलं की त्याला शाळेचा वास येतो.

जाता जाता एक. मराठीत सौजन्य क्रियापदाच्या शेपटीत असतं. ‘दे’, ‘दे ना’, ‘देतेस का’, ‘जरा देता का’ ही चढती पायरी आहे. ‘जरा धरता का?’ असं विचारणाऱ्या मुलानं ‘प्लीज’ म्हटलेलंच आहे. उलट पाय आपटत पाच वेळा म्हटलेलं ‘प्लीज’ ही विनंती नसते, हात पिरगाळणं असतं.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची. प्रत्येक गोष्टीला ‘का?’ आणि ‘मला नाही पटत’. बायको म्हणते, हुशार आहे. आई म्हणते, आगाऊ आहे. मला दोघींचंही पटतं, त्यामुळे मी एक दिवस हसतो आणि एक दिवस ओरडतो. रेषा कुठे आखावी?

तुमच्या शेवटच्या वाक्यातच अडचण आहे, पण आधी ‘आगाऊ’ या शब्दाकडे वळू. तो दोन निराळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरतो : मूल वाईट पद्धतीनं बोललं, आणि मूल बोललं. पहिली तक्रार ऐकण्यासारखी आहे. दुसरी नाही.

म्हणून चार गोष्टी सुट्या करा : ती काय बोलली, कशी बोलली, कधी बोलली, कुणासमोर बोलली. ‘काय’ हे तिचं. त्यावर तुम्ही वाद घालू शकता, बंदी घालू शकत नाही. उरलेल्या तिन्ही गोष्टी शिष्टाचाराच्या, आणि त्या शिकवता येतात. ‘असं बोलतात का?’ या वाक्यात चारांपैकी काय चुकलं ते मुलीला कळतच नाही. त्यामुळे ती एक तर सगळंच बोलणं थांबवते किंवा सगळंच चालू ठेवते. नेमकं सांगा : ‘तुझं म्हणणं ऐकायचंय. आवाज खाली घेऊन परत सांग.’ किंवा, ‘मुद्दा बरोबर असेल, पण मी फोनवर आहे. दहा मिनिटांनी.’ आणि दहा मिनिटांनी तुम्ही स्वतः आठवण करा. तिला आठवण करावी लागली तर धडा फुकट गेला.

यापुढची पायरी बहुतेक घरांत राहून जाते. तिनं आवाज खाली घेतला, कारण दिलं, तुमचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबली, आणि तरीही उत्तर दर वेळी ‘नाही म्हणजे नाही’ असंच आलं, तर ती काय शिकेल? नीट बोलून काही हलत नाही, आरडाओरडा केला तर निदान घर हलतं. दर वेळी तिचं मान्य करा असं नाही. पण महिन्याभरात तिच्या एकाही सभ्य हरकतीमुळे तुमचा एकही निर्णय बदलला नसेल, तर तुम्ही तिला सभ्यपणा शिकवत नाही आहात, शरणागती शिकवता आहात.

नियमांची वर्गवारीही लागते. मानसशास्त्रज्ञ इलियट ट्यूरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून लहान मुलांना एक साधा प्रश्न विचारला : ‘बाईंनी परवानगी दिली तर हे चालेल का?’ ठरलेल्या जागेऐवजी दुसरीकडे बसण्यासारख्या रीतीच्या गोष्टींना मुलं ‘मग चालेल’ म्हणतात. दुसऱ्याला मारण्याबद्दल मात्र ‘तरीही नाही’ म्हणतात. हा फरक शाळापूर्व वयातल्या मुलांनाही कळतो. आपण मोठे मात्र चपला वेड्यावाकड्या काढल्या तरी आणि भावाला चावलं तरी एकाच पट्टीत ओरडतो. मग मुलीला वाटतं, या लोकांना आवाजाचं बटण एकच आहे. सुरक्षिततेचा नियम तिथल्या तिथे पाळायचा, कारण नंतर. दुसऱ्याला इजा होण्याचा नियम न बदलणारा. आणि रीतीचे नियम चर्चेला खुले. त्यांतले एक-दोन तिला बदलूही द्या.

‘का?’ला एक कारण, एका वाक्यात. पुढचा ‘का?’ नवा असेल तर उत्तर द्या. तोच परत आला तर ‘याचं उत्तर दिलंय’ एवढंच. लांबलचक स्पष्टीकरण देणारे पालक सहसा स्वतःलाच पटवत असतात. तिला तीन वाक्यं तयार द्या, कारण आयत्या वेळी शब्द नसले की मूल किंचाळतं : ‘मला पटलं नाही, कारण…’, ‘आत्ता करते, पण नंतर मला बोलायचंय’, ‘मला पाच मिनिटं दे’. ही तीन वाक्यं घरातल्या तिन्ही मोठ्यांना माहीत असू द्या. तुमच्या आईंना ‘पाच मिनिटं दे’ हा उद्धटपणा वाटेल, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवा.

आता तुमचं हसणं. उद्धट वाक्य चुरचुरीत असलं की मोठे हसतात, पाहुण्यांना पुन्हा सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याला रागावतात. मुलीच्या लेखी काल त्या वाक्याला टाळी मिळाली होती. हसू आवरत नसेल तर तोंड फिरवा, पण त्याचा किस्सा करू नका.

प्रश्न : नातेवाईक आले की त्यांना मिठी मारायला, पापा द्यायला मुलगी (वय ४) नकार देते. त्यांना राग येतो. समजावून पाठवावं का?

नाही. भेटल्याची दखल घेणं हा शिष्टाचार आहे. अंगाला हात लावू देणं हा नाही. तिला तीन पर्याय द्या : हात जोडणं, हात हलवणं किंवा टाळी देणं. त्यांपैकी एक मात्र करायचंच. पाहुण्यांना सूर न चढवता सांगा, ‘सध्या ती टाळी देते.’ माणूस दुखावेल म्हणून शरीराचा नकार गिळायचा, हे चार वर्षांच्या मुलीनं शिकू नये. मोठेपणी तो धडा विसरणं फार अवघड जातं.

प्रश्न : दोन भावंडांत मारामारी झाली की मी दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी’ म्हणायला लावते. म्हणतात, पण दात-ओठ खाऊन. दहा मिनिटांत पुन्हा सुरू. माफी मागायला लावणं चूक आहे का?

माफी शिकवणं चूक नाही, वसूल करणं व्यर्थ आहे. चार ते नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की आपणहून मागितलेली माफी आणि जबरदस्तीनं वदवलेली माफी यांतला फरक मुलांना कळतो. जिला माफी मिळते त्या मुलीला जबरदस्तीच्या माफीनं बरं वाटेल, असं त्यांतल्या मोठ्या मुलांना वाटत नाही. म्हणजे तुमच्या दरबारात फिर्यादी आणि आरोपी दोघंही नाराज, खूश फक्त न्यायाधीश.

याचं बालसाहित्यातलं उत्तम उदाहरण १९०८ च्या ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’मध्ये आहे. शेजारच्या लिंडबाई अनाथ अ‍ॅनला तिच्या तोंडावर कुरूप म्हणतात, तिच्या लाल केसांची खिल्ली उडवतात. अ‍ॅन पाय आपटून ‘मला तुमचा तिरस्कार वाटतो’ असं ओरडते. तिला सांभाळणारी मरिला माफी मागायला सांगते. अ‍ॅन नकार देते : मला वाईट वाटत नाही, तर खोटं कसं बोलू? शेवटी ती जाते आणि गुडघे टेकून, हात जोडून अशी काही जंगी माफी मागते, की लिंडबाई विरघळतात. मरिलाच्या मात्र ध्यानात येतं, की पोरगी या अपमानाची मजा लुटते आहे. वसूल केलेल्या माफीचं असंच होतं : तिचं नाटक होतं. त्या प्रकरणात दुसरीही एक गोष्ट आहे, ती वाचताना सुटते. मरिला लिंडबाईंनाही सुनावते, की मुलीच्या रूपावरून तिला डिवचायला नको होतं. मोठ्या माणसाची चूक मोठ्या माणसानं बोलून दाखवली. त्यावाचून अ‍ॅनची माफी ही नुसती शिक्षा ठरली असती.

घरी करायचं ते असं. आधी दोघांना वेगळं करा, श्वास खाली येऊ द्या. लहानांना यासाठी दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. मग ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा. मारणाऱ्याकडे आधी गेलात तर सगळं लक्ष त्यालाच मिळतं. मग मारणाऱ्याला विचारा, ‘तिचं काय झालं?’ हा प्रश्न ‘तू असं का केलंस?’ याहून बरा. ‘का’ला मुलं वकिली उत्तर देतात. त्यानंतर दुरुस्ती : पाडलेला मनोरा पुन्हा उभा करणं, फाटलेलं पान चिकटवणं, लागलेल्या जागी ओला रुमाल धरणं. हात कामाला लागले की शब्द बऱ्याचदा मागून येतात. नाही आले, तर त्या दिवसापुरतं दुरुस्तीलाच माफी धरा. आणि तुम्ही स्वतः उगाच ओरडलात, तर त्यांच्यापाशी जाऊन पूर्ण वाक्यात माफी मागा : ‘मी न विचारता तुझ्यावर ओरडले. ते चूक होतं.’ पुढे ‘पण तूही…’ जोडू नका. ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं, आणि मुलं हा ‘पण’ तुमच्याकडूनच उचलतात.

प्रश्न : मी नातवंडांना रोज गोष्टी वाचून दाखवतो. अलीकडच्या पुस्तकांतला नायक म्हणजे मोठ्यांना उत्तरं देणारा आणि नियम मोडणारा. बोधकथा मागे पडल्या. अशा पुस्तकांनी मुलं बिघडत नाहीत, असं आपण खात्रीनं म्हणू शकता का?

आजोबा, ‘अलीकडची’ म्हणाल तर ही परंपरा बरीच जुनी आहे. स्वीडिश गोष्टींतली पिप्पी लाँगस्टॉकिंग १९४५ ची, ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधली अ‍ॅलिस १८६५ ची. आणि जुन्या बोधकथांत काय असायचं तेही पाहू. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी रचलेलं ‘श्ट्रुव्हेलपेटर’ हे गोष्टींचं पुस्तक १८४५ मध्ये छापलं गेलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी भल्या मोठ्या कात्रीनं कापून टाकतो. सूप नको म्हणणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. मुलांना ते आवडलं, पण कात्रीसाठी.

धाकाच्या गोष्टींबद्दल एक प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या. खोटं बोलल्यामुळे नाक वाढणारा पिनोकिओ आणि ‘लांडगा आला रे’ म्हणणारा मुलगा यांच्या गोष्टी ऐकून मुलांचा खरेपणा वाढला नाही. जॉर्ज वॉशिंग्टननं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी खरं बोलल्याबद्दल त्याचं कौतुक केलं, ही गोष्ट ऐकणारी मुलं मात्र जास्त खरं बोलली. याच गोष्टीचा शेवट बदलून तो शिक्षेचा केला, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. (गंमत म्हणजे खरेपणा शिकवणारी ही गोष्टच त्याच्या चरित्रकारानं रचलेली आहे. १८०६ च्या आवृत्तीआधी ती चरित्रात नव्हती.) २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, वाटून घेण्याची गोष्ट माणसांची असली तर मुलांनी नंतर स्वतःचे स्टिकर जास्त वाटले, तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची केली तर तो परिणाम दिसला नाही. चातुर्याच्या प्राणिकथा जरूर वाचा, पण गंमत म्हणून. त्यांतून वागणूक आपोआप झिरपेल, असं धरून चालू नका.

आता त्या ‘उत्तरं देणाऱ्या’ नायिका. अ‍ॅलिस सशाच्या बिळातून खाली पडत असताना, पडता पडता, लवून अभिवादन करून बघते. इतकी ती रीतीला पक्की. चहापानात कुणी तिच्या केसांवर शेरा मारतो, तेव्हा ती त्याला सुनावते, की अशी व्यक्तिगत टीका असभ्य असते. आणि त्याच बैठकीत बोलावणं नसताना बसल्याबद्दल तिलाही बोलणी खावी लागतात. शेवटी खटल्यात राणी म्हणते, आधी शिक्षा, निकाल मागून. तिथे अ‍ॅलिसचा संयम संपतो आणि हा मूर्खपणा आहे असं ती उघड म्हणते. अख्खं पुस्तकभर रीत पाळणाऱ्या मुलीचा तो नकार आहे, म्हणून त्याला वजन आहे.

पिप्पीचं उलट. ती मित्रांच्या घरी मोठ्या बायकांच्या मेळाव्यात जाते, केकमध्ये तोंडच घालते, मध्ये मध्ये बोलते, आणि त्या घरची आई तिला पुन्हा येऊ नकोस म्हणते. पिप्पीच्या डोळ्यांत पाणी येतं : मला नीट वागता येणार नाही, ही भीती होतीच. हा प्रसंग हसत हसत वाचून पुढे जाऊ नका, तिथे थांबा. जगातली सगळ्यात बलवान मुलगी घोडा उचलते, पण तिला रीत शिकवायला घरात कुणी नाही, हे मुलांना बरोबर कळतं.

आणि संस्कारांचं म्हणून जे पुस्तक आपण मानतो त्या ‘श्यामची आई’तही (१९३५) निमूट मुलगा घडवलेला नाही. पोहायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला त्याची प्रेमळ आई शिंपटीनं मारून बाहेर काढते, कारण मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला सोसत नाही. मारण्याचा मार्ग आज आम्ही सुचवणार नाही. पण तिला धीट मूल हवं होतं, एवढं त्या प्रकरणात स्पष्ट आहे.

वाचताना एक करा. ‘तात्पर्य काय?’ विचारू नका. ते विचारलं की मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देऊन मोकळी होतात. दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : ‘तिचं बरोबर होतं का?’ आणि ‘ती बरोबर बोलली का?’ पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न त्यांचा त्यांना सुचतो, मग कसं बोलायला हवं होतं?

प्रश्न : माझ्या वर्गातली मुलं शिस्तीची आहेत, पण प्रश्न विचारला की कुणी स्वतःहून बोलत नाही. (शिक्षिका, इयत्ता चौथी)

घड्याळ लावून बघा. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, मुलं प्रश्नही विचारू लागली. थांबायचं दोनदा : प्रश्नानंतर, आणि मुलाच्या उत्तरानंतरही. लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की बाकीचे विचार करणं सोडतात.

प्रश्न : मी बारा वर्षांचा आहे. सरांनी फळ्यावर गणित चुकवलं. मी लगेच ‘सर, चुकलंय’ म्हणालो. वर्ग हसला, सर चिडले. गप्प बसायला हवं होतं का?

नाही, गप्प बसायला नको होतं. तू बरोबरच होतास, फक्त वर्गाला हसायची संधी मिळाली आणि सरांना सावरायला जागा मिळाली नाही. पुढच्या वेळी आधी स्वतःच्या वहीत एकदा करून बघ. कधी कधी चूक आपलीच निघते. सरांचं लिहून होऊ दे. हात वर कर. आणि निकाल सांगू नकोस, जागा दाखव : ‘सर, तिसऱ्या ओळीत वजा आहे, ते चौथीत अधिक कसं झालं?’ सर स्वतःच बघतील. गणित पुढे सगळ्यांना लागणार नसेल तर तास संपल्यावर सांगितलंस तरी चालतं. इरॅस्मस नावाच्या पंडितानं १५३० मध्ये खास मुलांसाठी शिष्टाचाराचं पुस्तक लिहिलं. त्यात बाहीला नाक पुसू नये इथपासून सगळं आहे. आणि हेही आहे, की सोबत्याची नकळत झालेली चूक त्याला एकट्याला गाठून, प्रेमानं सांगावी.

दोन ठिकाणी मात्र हे सगळं विसर. कुणाला इजा होणार असेल तर ओरड, वेळ-काळ बघू नकोस. आणि कुणी मोठा माणूस तुला नकोसं वाटेल असं वागला आणि ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणाला, तर ते सांगायचंच. तुझं म्हणणं ऐकून घेतलं जावं हा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम त्यासाठीच आहे.

प्रश्न : मी मुलांसाठी कथा लिहिते. नायिका धीट केली की वाचक तिला ‘अतिशहाणी’ म्हणतात. सभ्य केली की ती शोकेसमधली बाहुली होते. काय करावं?

तिला काहीतरी मिळवायचं असू द्या. ज्या मुलीला काही हवं आहे, तिचं सभ्य बोलणं हे हत्यार होतं. जिला काहीच नको, तिचं ते भरतकाम राहतं. समजा, दहा वर्षांच्या नायिकेला ग्रंथालयाच्या मोठ्यांच्या विभागातला नकाशांचा ग्रंथ बघायचा आहे आणि ग्रंथपालबाई अडवतात.

पहिली तऱ्हा : ‘ज्ञानाला वय नसतं, बाई!’ हे वाक्य तुमचं आहे, तिचं नाही. दहा वर्षांची मुलं सुभाषितं बोलत नाहीत. अतिशहाणी वाटते ती इथे.

दुसरी तऱ्हा : ‘बरं बाई’ म्हणून ती परत जाते. बाहुली.

तिसरी :

‘हा विभाग मोठ्यांचा आहे.’

‘हो, पाटी वाचली. मी आत येत नाही.’ तिनं चपला उंबऱ्याच्या अलीकडेच ठेवल्या. ‘तो निळा ग्रंथ तुम्ही या टेबलावर आणाल का? मी हात नाही लावणार. पानं तुम्ही उलटा.’

‘मला तेवढा वेळ नाही.’

‘मग वेळ असेल तेव्हा. मी इथे बसते.’

आणि ती बसली.

यात तिनं नियम मोडलेला नाही, मागणीही सोडलेली नाही. बाईंनाही मूर्ख ठरवलेलं नाही. समोरचा मोठा माणूस पुठ्ठ्याचा असला की मुलीचा धीटपणा स्वस्त होतो. म्हणून बाईंना एक खरं कारण द्या, समजा, मागच्या महिन्यात कुणीतरी त्यातलं पान फाडून नेलं होतं. चपलांसारखी एखादी कृती द्या, म्हणजे ‘नम्रपणे’, ‘आदरानं’ ही क्रियाविशेषणं लिहावी लागत नाहीत. कथेत एकदा तरी तिची सभ्यता फसू द्या : ती सगळं नीट करते आणि तरीही नकारच मिळतो. आणि एकदा तरी ती साफ चुकीची असू द्या, आणि ते तिला एखाद्या धाकट्या मुलानं सांगू द्या.

मसुदा झाला की नऊ-दहा वर्षांच्या मुलाला नायिकेचे संवाद मोठ्यानं वाचायला लावा. वाचताना जिथे त्याचा आवाज आपोआप वक्तृत्व स्पर्धेचा होतो, तिथे पेन्सिलीनं खूण करा. ती वाक्यं काढायची आहेत.